न सापडलेल्या पानांची व्यवस्था

पत्ता नसलेलं पत्र कुठे पाठवायचं, हे या जगात कोणाला कळत असेल तर ते मला! आमच्या ऑफिसच्या आवक-जावक विभागात मी वरिष्ठ आहे. वरिष्ठ म्हणजे खिडकीजवळची खुर्ची माझी आणि पंख्याचं बटण माझ्या हाताशी. बाहेरून आलेला एकही कागद माझ्या नजरेतून गेल्याशिवाय कुठल्याही टेबलावर पोचत नाही. साहेबांच्या लग्नाच्या वाढदिवसाचं कार्डसुद्धा मी शिक्का मारून आत पाठवलेलं आहे.

त्यामुळे बायकोच्या ऑनलाइन दुकानात काही पानं सापडत नाहीत असं कळलं, तेव्हा मला हसूच आलं. एवढंच ना!

आता दुकानाबद्दल सांगतो. माझी बायको उशा विकते. कुशीवर झोपणाऱ्यांची उशी वेगळी, पाठीवर झोपणाऱ्यांची वेगळी, मान आखडलेल्यांची त्याहून वेगळी. आमच्या पुढच्या खोलीत कापसाची पोती, मधल्या खोलीत शिलाई मशीन आणि शिवणाऱ्या मावशी. मी आणि सासूबाई जिथे जागा मिळेल तिथे. सासूबाई आमच्याकडे आठ दिवसांसाठी म्हणून आल्या होत्या. त्याला दोन वर्षं झाली.

याआधी बायको फ्रिज आणि वॉशिंग मशीन बनवणाऱ्या एका कंपनीत होती, तक्रारींच्या फोनवर. आठ वर्षं तिने कानाला ते यंत्र लावून लोकांची बोलणी खाल्ली. पाणी गळतंय, बर्फ जमत नाही, माणूस अजून आला नाही. शेवटी शेवटी ती झोपेत बोलायला लागली. मी कुशीवर वळलो की ही डोळे मिटूनच म्हणायची, "आपली गैरसोय झाल्याबद्दल क्षमस्व." मग झोपच उडाली तिची. त्या दिवसांत तिने स्वतःसाठी एक उशी शिवली, त्या उशीवर तिला झोप लागली आणि तिने नोकरी सोडली.

पण उशी ही वस्तू अशी आहे की माणूस एकदा घेतो आणि मग पाच वर्षं तोंड दाखवत नाही. दुकान रडतखडत चाललं होतं. जुन्या कंपनीतून दोनदा बोलावणं आलं होतं आणि तिसऱ्यांदा आलं तेव्हा त्यांनी स्पष्टच सांगितलं, सोमवारपर्यंत हो की नाही ते कळवा. बायकोने त्यांना नाही म्हटलं नव्हतं. हो म्हणायची तिची छाती होत नव्हती.

आणि नेमकं त्याच आठवड्यात भाग्य उजळलं. मानेच्या एक डॉक्टरीणबाई आहेत. दर रविवारी सकाळी फोनवरच्या व्हिडिओत लोकांना मान कशी वळवावी हे सांगतात आणि हजारो माणसं आपापल्या घरी बसून मान वळवतात. त्यांनी बायकोची उशी वापरून पाहिली, त्यांना ती आवडली आणि येत्या रविवारी त्या ती उशी सगळ्यांना दाखवणार होत्या. त्यांनी गुरुवारीच बायकोकडून उशीच्या पानाची लिंक मागून घेतली होती.

"हा रविवार नीट गेला तर मी सोमवारी नाही म्हणून कळवीन," बायको म्हणाली. "नाही गेला तर पुन्हा ते यंत्र कानाला." आणि ती कसनुसं हसली.

शनिवारी दुपारी ती चेहरा पाडून लॅपटॉपसमोर बसलेली दिसली.

"काय झालं?"

"अहो, ज्या उशा आपण बंद केल्या, त्यांची पानं काढून टाकलीत ना, तिथे कोणी गेलं तर हे असं दिसतं." तिने पडदा माझ्याकडे वळवला. पांढऱ्याफटक पडद्यावर मोठा काळा आकडा, ४०४. खाली इंग्रजीत एक ओळ. "म्हणजे पान सापडलं नाही. माणूस हे बघतो आणि निघून जातो. तिथे नीट दोन शब्द हवेत. ही उशी संपली, पण अशाच दुसऱ्या इथे बघा, असं. उद्या गर्दी होईल आणि वेबसाइटवाला सुट्टीवर गेलाय. फोनही लागत नाही."

"चारशे चार म्हणजे समोरच्या बिल्डिंगमध्ये ते पेटी वाजवतात त्यांचं घर ना?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही गं आई."

"हे माझ्यावर सोड," मी म्हणालो. "तू जा, उशा भर. हे तर माझं रोजचं काम आहे."

"तुम्हाला जमेल?"

"अगं, बावीस वर्षं मी दुसरं काय करतोय?"

तिने वेबसाइटवाल्याने लिहून दिलेल्या सूचना माझ्यापुढे ठेवल्या आणि ती आत गेली. जाताना तिने एकदा वळून पाहिलं. ती नजर मी विश्वासाची समजलो.

मी खुर्ची पुढे ओढली. आत गेल्यावर पाहतो तर काय, नुसता गोंधळ! प्रत्येक पानाला एक पत्ता होता आणि एकाचा दुसऱ्याला पत्ता नव्हता. एका उशीचा पत्ता 'मानेची-उशी-नवी'. दुसरीचा 'मानेची-उशी-नवी-हीच-नक्की'. तिसरीचा नुसताच 'आईला-दाखवायची'. माझ्यातला आवक-जावक जागा झाला. मी बाह्या सरसावल्या आणि एकूण एक पानाला शिस्तीत नवीन पत्ता दिला. आधी प्रकार, मग उपप्रकार, मग क्रमांक. मानेची उशी, क्रमांक एक. मानेची उशी, क्रमांक दोन. दुकानाच्या पहिल्या पानावरून प्रत्येक उशी उघडून पाहिली. सगळ्या बिनचूक उघडत होत्या. ऑफिसात असं काम केलं असतं तर साहेबांनी निदान मान तरी हलवली असती.

मग मुख्य काम. सूचनांप्रमाणे एक रकाना उघडला. तिथे विचारलं होतं, पान सापडलं नाही तर माणसाला कुठे पाठवायचं?

आमच्या ऑफिसात याचा नियम ठरलेला आहे. ज्या पत्रावर कोणाचं नाव नाही, किंवा नाव आहे पण तो माणूस केव्हाच रिटायर झालाय, ते पत्र सरळ तक्रार विभागात पाठवायचं. कारण साधं आहे. आमच्या ऑफिसला कौतुकाचं पत्र कोणी लिहीत नाही. आजवर हा नियम एकदाही चुकलेला नाही.

आता बायकोच्या दुकानातही तक्रारीचं पान होतंच. तिला 'तक्रार' या शब्दाचीच शिसारी बसलेली, म्हणून तिने त्या पानाच्या डोक्यावर लिहिलं होतं, 'झोप नीट लागत नाही का? आम्हाला मोकळेपणाने सांगा.' खाली लिहायला जागा, फोन नंबर आणि तीन पर्याय: परत घ्या, बदलून द्या, दुरुस्त करा. त्याखाली बारीक अक्षरात, परत करण्याची मुदत पंधरा दिवस. एक पर्याय निवडल्याशिवाय ते पुढे जातच नसे.

मी न सापडणारी सगळी पानं तिथे जोडून टाकली. मुद्दाम एक भलताच पत्ता टाकून पाहिलं. तक्रारीचं पान टुणकन उघडलं. मी टाळी वाजवली.

"झालं?" बायकोने आतून विचारलं.

"झालं म्हणजे? आता जगातला कुठलाही माणूस कुठूनही येऊ दे, वाऱ्यावर जाणार नाही!"

हे मात्र अगदी खरं ठरलं.

रविवारी सकाळी आम्ही सगळे जेवणाच्या टेबलाभोवती बसलो. डॉक्टरीणबाई पडद्यावर आल्या. त्यांनी मान डावीकडे नेली, आम्हीही नेली. त्यांनी बायकोची उशी हातात घेतली, दाबून दाखवली, स्वतः तिच्यावर डोकं टेकलं आणि म्हणाल्या, "मी स्वतः हीच वापरते. लिंक खाली दिली आहे." बायकोने माझा हात इतका घट्ट धरला की अंगठी रुतली.

टिंग! बायकोचा फोन वाजला. टिंग, टिंग!

"ऑर्डर!" मी ओरडलो. "घे, सोमवारचं उत्तर आलं!"

बायकोने फोन उघडला. वाचता वाचता तिचा चेहरा उतरत गेला.

"काय गं?"

"ऑर्डर नाही. तक्रार आहे." तिने वाचून दाखवलं. "'सकाळी उठल्यावर मान आखडलेली असते.' दुसरी, 'रात्री तीन-तीन वेळा जाग येते.' तिसरी, 'खांदे भरून येतात, काहीतरी करा.'" टिंग, टिंग, टिंग. "अहो, या सगळ्या तक्रारीच आहेत. एवढ्या उशा तर मी विकल्यासुद्धा नाहीत!"

"एकमेकांना दिल्या असतील," मी म्हणालो. का म्हणालो, मला आजही कळलेलं नाही.

ती खुर्चीत मागे टेकली. "मला परत तिथे नाही जायचं हो," ती हळूच म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. मी तिचा फोन काढून घेतला.

"तू वाचूच नकोस. उगाच त्रास होईल. मी बघतो सगळं."

आणि मी बघायला लागलो. अशा वेळी ऑफिसात पहिली पायरी म्हणजे जबाबदारी निश्चित करणे, म्हणजे आपल्याशिवाय कोणाची ते ठरवणे. मी शिवणाऱ्या मावशींना फोन केला. त्या दोन गल्ल्या पलीकडे राहतात. कपाळाला आठ्या घालूनच आल्या.

"माझ्या शिवणीने मान आखडते?"

"तसं नाही मावशी, पण टाका थोडा..."

"थोडा काय?" असं म्हणून त्यांनी शेजारची उशी उचलली, कात्रीने टर्रकन फाडली आणि माझ्या नाकाशी धरली. "दाखवा कुठला टाका चुकलाय तो. दाखवा!" माझ्या नाकात कापूस गेला. मी शिंकलो आणि उरलेला कापूस सगळ्या खोलीभर झाला.

"मग कापूस वाईट असेल," मी डोळे पुसत म्हणालो. आणि लगेच कापूसवाल्या काकांना फोन लावला. त्या भल्या माणसाला मी असं काही फैलावर घेतलं की विचारू नका. मग ते एवढंच म्हणाले, "येतो." आणि खरोखरच आले! खांद्यावर अख्खं पोतं घेऊन. पोतं पुढच्या खोलीत उलटं केलं आणि म्हणाले, "एक बी दाखवा यात. एक खडा दाखवा. दाखवलात तर धंदा बंद करतो." आणि दाराशी हाताची घडी घालून उभे राहिले.

मी गुडघ्यापर्यंत कापसात उभा होतो. हातातला फोन टिंगटिंगत होता. आता तक्रारीही विचित्र यायला लागल्या होत्या. 'शेजाऱ्यांचा कुत्रा रात्रभर भुंकतो' आणि खाली पर्याय निवडलेला, परत घ्या. 'नवरा घोरतो.' पर्याय, बदलून द्या. हे वाचून एखाद्याच्या डोक्यात प्रकाश पडला असता. माझ्या नाही पडला. मला वाटलं, माणूस उशीला वैतागला की काहीही लिहितो.

दुसरी पायरी असते जाहीर खुलासा. मी लॅपटॉप घेतला आणि दुकानाच्या पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत लिहिलं, 'आमच्या उशांमुळे आपणांस झालेल्या त्रासाबद्दल आम्ही दिलगीर असून सदर प्रकरणी चौकशी सुरू आहे.' वाचून मलाच भरून आलं. 'सदर' अगदी योग्य जागी पडला होता.

पाच-दहा मिनिटांत डॉक्टरीणबाईंचा फोन आला. बायकोने तो माझ्या हातून घेऊन सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

"सदर प्रकरण म्हणजे काय?" त्यांचा आवाज बर्फासारखा होता. "मी इकडे लोकांना सांगतेय की ही उशी घ्या आणि तुम्ही तिकडे माफी मागताय? तुमच्या उशीत दोष आहे का?"

"नाही हो," बायको म्हणाली. "म्हणजे, मला कळतच नाहीये काय झालंय ते."

"बारा वाजता मी प्रश्नोत्तरांना पुन्हा बसणार आहे. तोपर्यंत कळलं तर ठीक. नाही तर मला माझे शब्द मागे घ्यावे लागतील."

फोन बंद झाला. अकरा वाजून गेले होते. मावशी कात्री घेऊन, काका हाताची घडी घालून आणि बायको दोन्ही हातांत डोकं धरून.

तेवढ्यात कोपऱ्यातून सासूबाई म्हणाल्या, "पण काय गं, उशी घ्यायच्या आधी एवढं सगळं का लिहून घेता तुम्ही?"

"कोण लिहून घेतं, आई?"

"तुझं दुकान. मी म्हटलं, पोरीची एखादी उशी आपणही घ्यावी, तेवढीच विक्री. म्हणून त्या डॉक्टरांनी सांगितलं तिथे बोट लावलं. तर उशी कुठे दिसेचना. मला विचारलं, झोप नीट लागत नाही का, मोकळेपणाने सांगा. सांगितलं बाई मोकळेपणाने."

बायको उठली. तिने सासूबाईंचा फोन घेतला, डॉक्टरीणबाईंची लिंक दाबली आणि उघडलेल्या पानाकडे बघत राहिली. मग तिने तो फोन टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"काल तुम्ही नक्की काय काय केलंत?"

मी सांगितलं. पत्त्यांना लावलेली शिस्त सांगितली. न सापडलेल्या पानांची व्यवस्था सांगितली. ऑफिसचा नियमही सांगितला. सांगता सांगता माझा आवाज बारीक होत गेला, कारण माझं मलाच कळायला लागलं होतं. डॉक्टरीणबाईंकडे जुना पत्ता होता. रातोरात गल्लीतल्या सगळ्या घरांचे नंबर बदलून टाकावेत आणि पाहुण्यांना पोलीस चौकीत नेऊन बसवावं, तसं काम मी केलं होतं.

"म्हणजे उशी घ्यायला आलेल्या प्रत्येक माणसाला..." मावशी म्हणाल्या.

"आपण तक्रार विचारली," बायको म्हणाली.

कापूसवाल्या काकांनी हाताची घडी सोडली आणि खाली बसून मुकाट्याने कापूस पोत्यात भरायला घेतला. मला ते बोलून दाखवण्यापेक्षा जास्त लागलं.

बायको चिडली असती तर बरं झालं असतं. ती चिडली नाही. ती लॅपटॉपशी बसली, डॉक्टरीणबाईंना पाठवलेला जुना पत्ता तिने आपल्या फोनमध्ये शोधला आणि मानेच्या उशीला तो परत दिला. माझी व्यवस्था काढून टाकली. माझा 'सदर' पुसला. मग सगळ्या तक्रारी उघडून वाचत बसली. मला वाटलं, आता ही रडणार.

"अहो," ती म्हणाली, "लोकांनी सगळंच लिहिलंय की. कोण कसं झोपतं, कुठे दुखतं, कधी जाग येते. एवढं तर मला कोणी विचारूनही सांगत नाही." तिने केस वर बांधले. "आई, तू नंबर वाच. मावशी, कुशीवरच्या उशा किती आहेत बघा. आणि तुम्ही," म्हणजे मी, "नंबर फिरवायचा, माझ्या हातात द्यायचा आणि तोंड उघडायचं नाही."

पुढचा अर्धा तास मी जे पाहिलं ते मी कधीच पाहिलं नव्हतं. आठ वर्षं ती हे काम करत होती आणि मी फक्त ती दमून घरी येताना पाहिली होती. "नमस्कार, तुम्ही आत्ता आम्हाला लिहिलंत ना, मान आखडते म्हणून? कुशीवर झोपता की पाठीवर? हात डोक्याखाली घेता का? मग तुम्हाला उंच उशी नकोच." दोन मिनिटांत पलीकडचा माणूस आपली सगळी रात्र तिच्यापुढे मांडत होता. कुत्र्यावाल्याला तिने कानावर ओढायची उशी सुचवली. जिचा नवरा घोरत होता तिला म्हणाली, "नवरा बदलून देत नाही हो आम्ही, पण त्याच्या डोक्याखाली काय ठेवायचं ते सांगते." त्या बाईंनी दोन घेतल्या.

बाराला पाच कमी असताना तिने डॉक्टरीणबाईंना फोन केला. मी श्वास रोखून ऐकत होतो. कसं सांगणार ही?

"काही दोष नाही, डॉक्टर," ती म्हणाली. "माझ्या नवऱ्याने वेबसाइट नीट केली."

मग डॉक्टरीणबाईंचा आवाज एकदम मऊ झाला. "अगं बाई. आमच्याकडे परवा गीझर नीट केलाय."

बारा वाजता त्यांनी पुन्हा उशी दाखवली आणि म्हणाल्या, सकाळी लिंकमध्ये गडबड होती, आता पुन्हा बघा. संध्याकाळपर्यंत मावशींकडे शिवायला महिनाभराचं काम होतं आणि मी ज्यांना झापलं त्या कापूसवाल्या काकांकडे मला स्वतः जाऊन आणखी चार पोती मागावी लागली. त्यांनी दिली. पण मला पाणीही विचारलं नाही.

सोमवारी सकाळी बायकोने कंपनीला फोन केला आणि नाही म्हणून सांगितलं. फोन ठेवल्यावर ती खिडकीशी जरा वेळ उभी राहिली. मीही जाऊन शेजारी उभा राहिलो. फार बरं वाटत होतं.

वेबसाइटवाला सुट्टीवरून आला आणि त्याने न सापडलेल्या पानांवर दोन नीट शब्द लिहून दिले. 'ही उशी संपली, पण अशाच दुसऱ्या इथे आहेत.' बायकोने 'झोप नीट लागत नाही का?' हा प्रश्न मात्र दुकानाच्या पहिल्याच पानावर आणून ठेवला. लोक आधी झोप सांगतात, मग उशी घेतात. दुकान जोरात आहे. माझा मात्र पासवर्ड बदलला. म्हणजे तिने बदलला, मला कळवला नाही.

तरी मला वाटायचं, कोणीतरी कधीतरी म्हणेल की हे मुळात कोणामुळे झालं! कोणी म्हणेना. शेवटी परवा बायकोने मला त्या रविवारच्या उरलेल्या तक्रारी चाळायला दिल्या, कोणाला उत्तर द्यायचं राहिलंय का बघा म्हणून. चाळता चाळता सासूबाईंची सापडली. 'जावई स्वभावाने चांगले आहेत. पण काही करायला घेतलं की मला झोप लागत नाही.' पर्याय, बदलून द्या.

ते ठीक आहे. त्यांच्याकडून माझी वेगळी अपेक्षा नव्हती. पण त्याच्याखाली आणखी एक होती आणि तिचा फोन नंबर मला पाठ होता. रविवारीच, सगळं निस्तरल्यावर संध्याकाळी लिहिलेली. 'अकरा वर्षांपूर्वी घेतलेला नवरा. मदत करतो.' एवढंच. आणि खाली पर्याय निवडलेला, दुरुस्त करा.

हातातलं सगळं टाकून मी मधल्या खोलीत गेलो. ती उशीत कापूस भरत होती.

"अगं," मी म्हणालो, "एवढं सगळं होऊनही तू 'परत घ्या' नाही निवडलंस."

तिने मान वर न करता उशी दाबून पाहिली.

"बारीक अक्षरातलं वाचा," ती म्हणाली. "मुदत पंधरा दिवसच असते."